आपत्तिनिवारणाचा हिशेब: कोणाच्या मापाने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



महापूर ओसरला की पुढील क्रम ठरलेला असतो. मंत्र्यांचे पाहणी दौरे होतात, पंचनाम्यांचे आदेश सुटतात आणि मदतीचा आकडा जाहीर होतो. तो अपुरा आहे यावर विधिमंडळात वादळी चर्चा होते व विरोधी पक्ष सभात्याग करतात. तोच पूर येण्यापूर्वी नाला रुंद करण्यावर, नदीपात्रातील भराव थांबविण्यावर किंवा काठच्या वस्तीला सुरक्षित जागा देण्यावर किती खर्च व्हावयास हवा होता आणि तो का झाला नाही, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. पंचनामा पडलेल्या भिंतीचा होतो. न झालेल्या कामाचा पंचनामा करण्याची पद्धत शासनात नाही.

आपत्ती येण्यापूर्वी केलेल्या खर्चाचे आर्थिक मूल्य कसे मोजावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वरकरणी तांत्रिक दिसतो. चळवळीतील अनेकांना असेही वाटते की, जेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे हिशेब करणेच अमानुष होय. या भावनेमागील तळमळ मान्य केली तरी तिचा व्यवहारातील परिणाम उलटा होतो. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो. बंधाऱ्यावर गेलेला रुपया दवाखान्यावर जात नाही. तेव्हा निवड ही करावीच लागते, आणि कार्यकर्त्याने हिशेबाकडे पाठ फिरविली म्हणून हिशेब थांबत नाही. तो सचिवालयात, सल्लागार कंपन्यांच्या कचेऱ्यांत आणि आंतरराष्ट्रीय बँकांत चालूच राहतो. म्हणून हिशेब कोणत्या मापाने होतो, त्या मापात कोणाचे दुःख भरते आणि कोणाचे सांडते, हे नीट समजून घेणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

पद्धतीचा उगम

सार्वजनिक कामाचे लाभ त्याच्या खर्चाहून अधिक असले पाहिजेत, मग ते लाभ कोणाच्याही पदरात पडोत, हे तत्त्व अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने प्रथम ठळकपणे कायद्यात आणले. मात्र या तत्त्वाला काटेकोर गणिती रूप मिळाले ते नेदरलँड्समध्ये. १९५३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने त्या देशाच्या नैऋत्य भागातील बांध फोडले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच महिन्यात सरकारने डेल्टा आयोग नेमला. बांध नेमके किती उंच करावेत, हा प्रश्न आयोगापुढे होता. कितीही उंच बांधले तरी त्याहून मोठी लाट येणारच नाही अशी हमी देता येत नाही, आणि प्रत्येक वाढीव फुटाला पैसा लागतो. गणितज्ञ डेव्हिड व्हान डान्ट्सिख यांनी याचे उत्तर मांडले. बांधाची उंची वाढविण्याचा खर्च एका बाजूस आणि बांध फुटण्याची शक्यता गुणिले फुटल्यास होणारी हानी, म्हणजे अपेक्षित हानी, दुसऱ्या बाजूस ठेवावी. वाढीव उंचीचा खर्च आणि तिच्यामुळे टळणारी अपेक्षित हानी जेथे समान होतील तेथे थांबावे. अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्खेन यांनीही या कामात भाग घेतला.

या पद्धतीचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. प्रतिबंध ही दया नसून गुंतवणूक आहे आणि तिचे उत्पन्न म्हणजे न झालेली हानी, ही गोष्ट तिने सिद्ध केली. पुढे इतर देशांत झालेल्या अभ्यासांनीही तेच दाखविले. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात, संघराज्य सरकारने आपत्तिनिवारणावर दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी चार डॉलरची हानी टळते असे आढळले. इतका परतावा देणारी सार्वजनिक कामे थोडीच असतील.

परंतु त्याच डच गणिताचा निकाल पाहा. समृद्ध, दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेला पुरेल असा बांध ठरला. झीलंडसाठी चार हजार वर्षांतून एकदाचा. नदीकाठच्या अनेक भागांसाठी १,२५० वर्षांतून एकदाचा. जेथे मालमत्ता व वस्ती अधिक तेथे संरक्षण अधिक, हा गणिताचा स्वाभाविक निष्कर्ष होता. विषमता तुलनेने कमी असलेल्या देशात हे कदाचित खपून जाते. भारतासारख्या समाजात तेच माप आणले तर काय होईल?

गरिबाचे नुकसान हलके का भरते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शहरात नाल्याकाठी दोन हजार कुटुंबांची झोपडवस्ती आहे. पुरात प्रत्येक कुटुंबाचे वीस हजार रुपयांचे नुकसान होते: भांडी, धान्य, शिलाई यंत्र, भिंतीचे पत्रे. एकूण चार कोटी. दुसऱ्या बाजूस दोनशे बंगल्यांची वसाहत आहे. तेथे प्रत्येक घरी पाच लाखांचे नुकसान होते: मोटार, फर्निचर, विजेची उपकरणे. एकूण दहा कोटी. कोणत्याही एका बाजूस संरक्षक काम करण्याचा खर्च सहा कोटी. बाजारभावाचा हिशेब सांगेल की वसाहतीचे काम किफायतशीर आहे आणि वस्तीचे काम तोट्याचे.

आता हेच नुकसान उत्पन्नाच्या तुलनेत पाहा. वस्तीतील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख धरले आणि वसाहतीतील कुटुंबाचे पंचवीस लाख, तर दोन्हीकडे वर्षाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा बुडाला. श्रीमंताला आणि गरिबाला रुपयाचे मोल सारखे नसते, हे डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्येच मांडले होते आणि घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणून तो विचार प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्या मापाने प्रत्येक कुटुंबाची झळ सारखी धरली तर एका बाजूस दोनशे कुटुंबांची झळ आहे आणि दुसऱ्या बाजूस दोन हजारांची. निकाल पूर्णपणे फिरतो. आकडे तेच आहेत. माप बदलले आहे.

वास्तवात तफावत याहूनही मोठी असते. वसाहतीत विमा असतो, बँकेत शिल्लक असते. वस्तीतील कुटुंब सावकाराकडे जाते, हातगाडी विकते, मुलाची शाळा सुटते, आणि पूर ओसरल्यावरही नुकसान वर्षानुवर्षे चालू राहते. जागतिक बँकेला समाजवादी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु तिच्याच २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अहवालाने हे मान्य केले. नैसर्गिक आपत्तींमुळे होणारी खरी झळ लोकांच्या उपभोगातील घट म्हणून मोजली तर ती वर्षाला ५२० अब्ज डॉलरइतकी भरते, म्हणजे मालमत्तेच्या हानीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक; आणि या आपत्ती दरवर्षी सुमारे दोन कोटी साठ लाख माणसांना दारिद्र्यात ढकलतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

यावरील उपाय अर्थशास्त्राला अज्ञात नाही. प्रकल्पांचे मूल्यमापन करताना गरिबांना मिळणाऱ्या लाभांना अधिक भार द्यावा, ही पद्धत पार्थ दासगुप्ता, अमर्त्य सेन आणि स्टीफन मार्गलिन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी १९७२ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत तपशीलवार मांडली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ साधन उपलब्ध आहे. त्याचा वापर करावयाचा की नाही, हा निर्णय राजकीय आहे.

उद्याच्या माणसाची किंमत

हिशेबातील दुसरी पळवाट काळाची. आपत्तिनिवारणाचा खर्च आज होतो आणि लाभ दूरच्या वर्षात केव्हातरी मिळतो. भविष्यातील लाभ आजच्या किमतीत आणण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वटावाचा दर लावतात. विकास बँकांनी अनेक दशके दहा ते बारा टक्क्यांचा दर वापरला. बारा टक्क्यांनी पन्नास वर्षांनंतर टळणारी एक कोटीची हानी आज केवळ सुमारे पस्तीस हजार रुपयांची ठरते. तीन टक्क्यांनी तीच सुमारे तेवीस लाखांची ठरते. एवढा एक आकडा बदलला की धरणाच्या सांडव्याचे, दरडीखालच्या गावाच्या पुनर्वसनाचे किंवा घरांच्या मजबुतीकरणाचे काम किफायतशीरचे तोट्याचे होते. पुढच्या पिढीचे सुख केवळ ती नंतर जन्मली म्हणून कमी लेखणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे, असे फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या तरुण विद्वानाने १९२८ मध्येच बजावले होते.

किल्लारीचा अनुभव येथे आठवावा. लातूर-उस्मानाबादचा तो प्रदेश तत्कालीन भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये तेथे लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती, तरी शक्यता कमी आणि काळ अनिश्चित म्हणून अपेक्षित हानीचा आकडा नगण्य ठरला असता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली व हजारो माणसे दगावली. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसविणे, छपराखाली काँक्रीटचा पट्टा देणे, माळवदावरील मातीचा भार हलका करणे हे उपाय स्थापत्यशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते, आणि त्यांचा खर्च घर नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या मानाने थोडा होता. ते ज्ञान शेकडो गावांतील घरांच्या मजबुतीकरणात उतरले ते भूकंपानंतर.

तिसरी आणि सर्वांत नाजूक बाब माणसाच्या जिवाच्या किमतीची. जिवाची किंमत माणसाच्या उत्पन्नावरून किंवा धोका टाळण्यासाठी तो किती पैसे देऊ शकेल यावरून काढली, तर गरिबाचा जीव आपोआप स्वस्त होतो. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या १९९५ च्या अहवालाच्या वेळी हे उघडपणे घडले. त्यात आधारभूत धरलेल्या अंदाजांत श्रीमंत देशांतील एका जिवाची किंमत सुमारे पंधरा लाख डॉलर आणि गरीब देशांतील जिवाची एक लाख डॉलर होती. विकसनशील देशांतून याविरुद्ध तीव्र निषेध झाला आणि तो योग्यच होता. एका देशात, एका नदीच्या दोन काठांवर, सर्व जिवांचे मोल एकच धरले पाहिजे. ही किमान लोकशाही आहे.

न मोजलेले लाभ

आतापर्यंत हानीच्या बाजूचा विचार झाला. आपत्ती आलीच नाही तर निवारणाचा पैसा वाया गेला, असा एक समज आहे. तोही खरा नाही. आपत्तीचे भय हेच एक आर्थिक ओझे असते आणि ते दररोज वाहावे लागते. सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावांसह दख्खनच्या कोरडवाहू गावांतून इक्रिसॅट या संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे जमविलेल्या माहितीवरून मार्क रोझेन्झ्वाइग आणि हान्स बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये दाखविले की, पावसाची अनिश्चितता वाढली की गरीब शेतकरी कमी धोक्याच्या, पण कमी उत्पन्नाच्या शेतीकडे वळतो. सर्वांत गरीब चौथाईतील शेतकऱ्यांच्या बाबतीत अशा अनिश्चिततेतील ठरावीक वाढीने नफा सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो. सर्वांत सधन शेतकऱ्यांवर मात्र तिचा जवळजवळ परिणाम होत नाही. दुष्काळ न पडलेल्या वर्षीही गरीब शेतकरी दुष्काळाची किंमत मोजत असतो, हा याचा अर्थ.

म्हणूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही आपत्तिनिवारणाची एक थोर गुंतवणूक म्हणून मोजली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून ती विस्तारली, वि. स. पागे यांनी तिच्यासाठी ध्यास घेतला, कष्टकऱ्यांच्या संघटनांनी ती लावून धरली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप मिळाले. शहरी नोकरदार व व्यावसायिकांवरील कर तिच्या खर्चासाठी लावण्यात आला. संकट आल्यावर सरकार कृपा करील या आशेऐवजी मागेल त्याला काम मिळेल ही हमी आधीच दिलेली असणे, हे तिचे आर्थिक वैशिष्ट्य. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते ही तिची दृश्य मिळकत. जनावरे व जमीन विकावी न लागणे ही अदृश्य मिळकत.

ओडिशाचे उदाहरणही असेच बोलके आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यालगत निवारे बांधले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख आणि मे २०१९ च्या फनी वादळापूर्वी सुमारे बारा लाख माणसे हलविण्यात आली. फनी वादळात राज्यातील मृतांची संख्या ६४ होती. यांतील अनेक निवारे एरवी शाळा म्हणून चालतात. तेथे शिकलेल्या मुलांचे शिक्षण हा लाभ वादळ येवो न येवो मिळतच राहतो. मात्र या यशालाही एक मर्यादा आहे. माणसे वाचली, पण लाखो घरे मोडली, नारळीच्या बागा आणि होड्या गेल्या. पूर्वसूचना जीव वाचवते; उपजीविका वाचविण्यासाठी पक्के घर, विमा आणि कामाची हमी लागते.

निवारण मागे का पडते?

एवढा परतावा असूनही शासन निवारणावर हात आखडता का घेते? याचे पहिले कारण राजकारणाच्या हिशेबात आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी अमेरिकेतील निवडणुकांचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखविले की, मतदार आपत्तीनंतरच्या मदतीचे श्रेय सत्ताधाऱ्यांना देतात, पूर्वतयारीचे देत नाहीत; आणि तरीही पूर्वतयारीवरील एका डॉलरने पुढील काळातील सुमारे पंधरा डॉलरची हानी टळते. मदतीच्या पाकिटावर छायाचित्र छापता येते. न आलेल्या पुराचे उद्घाटन करता येत नाही.

भारतातील निधीची रचना हीच मनोवृत्ती सांगते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मदतीसाठी आणि निवारणासाठी असे दोन स्वतंत्र निधी सांगितले होते. राष्ट्रीय निवारण निधी प्रत्यक्षात आला तो २०२१ मध्ये, सोळा वर्षांनी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालासाठी राज्यांच्या आपत्ती निधींकरिता १,६०,१५३ कोटी रुपये सुचविले. त्यांपैकी ८० टक्के प्रतिसाद, मदत, पुनर्बांधणी व सज्जता यांसाठी आणि २० टक्के निवारणासाठी होते. निवारणाला स्वतंत्र हिस्सा मिळाला हे स्वागतार्ह पाऊल होते. पण ते प्रमाण कोणत्या लाभ-व्यय हिशेबातून आले, यावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ झाली नाही.

दुसरे कारण हितसंबंधांचे. मुंबईत १९८५ च्या पुरानंतर पर्जन्यजल वाहिन्यांचा सखोल अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी व्यवस्था ५० मिलिमीटरपर्यंत न्यावी, असे त्यात सुचविले होते. सुमारे सहाशे कोटींचा खर्च जड वाटला आणि काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस ५० मिलिमीटरच्या वाहिन्यांनीही पूर्णपणे वाहून नेला नसता, हे खरे. तथापि पाणी किती चढले, किती वेळ राहिले आणि कोणाच्या घरात राहिले, यांत फरक निश्चित पडला असता. पुढे २००७ मध्ये केंद्राने याच कामांसाठी बाराशे कोटी मंजूर केले. दरम्यानच्या वर्षांत मिठीच्या पात्रावर आणि खारफुटीवर भराव पडत राहिले. जमिनीचा भाव हा तेथे खरा नियोजनकार होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निवारणाच्या नावाने होणारे प्रत्येक काम निवारण नसते. नदीला काँक्रीटच्या भिंतींत कोंडणे कंत्राटदाराला लाभते. नदीला लाभतेच असे नाही. सर्वांत स्वस्त निवारण बहुधा पूररेषेच्या आत बांधकाम होऊ न देणे हे असते, पण त्यात बांधकाम व्यावसायिकाचा न मिळालेला नफा 'खर्च' म्हणून मोजला जातो. उलट धोक्याचे कारण पुढे करून झोपड्या हटविल्या जातात आणि तेथील माणसांचा गेलेला रोजगार कोणत्याच रकान्यात येत नाही. पर्यायी घर व कामाची जागा न देता केलेले स्थलांतर म्हणजे धोका कमी करणे नव्हे. तो एका वस्तीवरून दुसरीकडे ढकलणे होय.

तळरेषा आधी, हिशेब नंतर

ज्या नेदरलँड्सपासून आरंभ केला, त्याच देशाने पुढे स्वतःची पद्धत सुधारली. २०१७ पासून लागू झालेल्या नव्या निकषांनुसार बांधामागे राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला, ती कोठेही राहो, पुरामुळे मृत्यू येण्याची वार्षिक शक्यता एक लाखात एकापेक्षा अधिक असता कामा नये. ही किमान सुरक्षा प्रथम सर्वांना. त्याहून अधिक संरक्षण कोठे द्यावे हे लाभ-व्ययाच्या हिशेबाने ठरवावे. लाभ-व्यय विश्लेषणाला जेथे काटेकोर गणिती रूप मिळाले, तेथेच ते समान हक्काच्या तळरेषेवर उभे केले गेले, ही घटना समाजवाद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारत त्या देशाइतका श्रीमंत नाही, म्हणून तळरेषेची पातळी वेगळी असेल. तळरेषा असावी की नाही, हा प्रश्न मात्र पैशाचा नाही.

कार्यकर्त्यांपुढील कामे यातून स्पष्ट होतात. जिल्हा नियोजन समितीपुढे निवारणाच्या प्रत्येक कामाबरोबर किती रुपयांची मालमत्ता वाचेल एवढेच न सांगता किती कुटुंबे आणि कोणत्या उत्पन्नाची कुटुंबे सुरक्षित होतील, हे मांडले जावे अशी मागणी करावी. कोणता वटावाचा दर वापरला, हे जाहीर करावयास लावावे. पंचनाम्यात जमिनीचा मालक दिसतो. कूळ, भाडेकरू, फेरीवाला, घरकामगार स्त्री यांची बुडालेली मजुरी व साधने त्यात नोंदली जावीत. ही नोंद केवळ नुकसानभरपाईपुरती नाही. आज जे नुकसान नोंदले जात नाही, ते उद्याच्या निवारणाच्या हिशेबात शून्य धरले जाते. नालेसफाई, बंधाऱ्यांची देखभाल, गावपातळीवरील सूचनायंत्रणा यांसारख्या अनाकर्षक खर्चाचा आग्रह धरावा, कारण परतावा बहुधा तेथेच अधिक असतो.

आणि सर्वांत कठीण काम लोकशिक्षणाचे. मदत मिळाली म्हणून मत देणाऱ्या समाजात, नुकसान टळले म्हणून मत देण्याची सवय रुजवावयाची आहे. त्यासाठी पूर येण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील किंवा गावातील एक धोक्याची जागा निवडावी, तेथील कुटुंबांची व त्यांच्या संभाव्य नुकसानीची यादी लोकांबरोबर बसून करावी, आणि ती यादी घेऊन अंदाजपत्रकाच्या वेळी नगरपालिकेत किंवा पंचायत समितीत जावे.